जुन्या वाड्यांचे छायाचित्रण : इतिहास आणि जयणा

दिनांक २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत, हडपसरच्या परिसरात यशवंतराव होळकरांच्या फौजेने शिंदे आणि पेशवे यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुणे सोडून गेले. वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी वसईस इंग्रजांशी तह केला आणि मे १८०३ मध्ये इंग्रजी फौजेच्या बळावर ते पुन्हा गादीवर बसले. आज ज्या भूमीवर मगरपट्ट्याच्या उंच इमारती आणि सोलापूर रस्त्यावरचा उड्डाणपूल उभा आहे, त्या परिसराने मराठी सत्तेचे भवितव्य बदलताना पाहिले. परंतु त्या दिवसाचे एकही छायाचित्र नाही, कारण छायाचित्रणाची कला जगासमोर आली ती १८३९ मध्ये, म्हणजे तब्बल ३७ वर्षांनंतर.

परत आलेल्या बाजीरावांनी पुण्यात विश्रामबागवाडा बांधला. सुमारे दोन लाख रुपये खर्चून १८०७ च्या सुमारास तो पूर्ण झाला. सुरूच्या झाडासारखे घडवलेले सागवानी खांब, केळफुलाच्या आकाराची कोरीव कामे, रस्त्यावर झुकलेला सज्जा हे त्याचे वैभव होय. पेशवाई संपल्यावर १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. मे १८७९ मध्ये एका रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा या दोहोंस आग लावण्यात आली. संशय प्रथम वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाकडे गेला. पुढे सूत्रधार निराळाच निघाला. बुधवारवाडा नामशेष झाला. विश्रामबागेचा जळालेला भाग लोकवर्गणीतून आणि नगरपालिकेच्या साहाय्याने पुन्हा उभा राहिला. त्याआधी, २७ फेब्रुवारी १८२८ रोजी, शनिवारवाडा पेटला होता आणि ती आग कित्येक दिवस धुमसत राहिली. त्याच्या गणेश महालातील दरबार कसा दिसत असे हे आज आपण जाणतो ते चित्रांवरून. सर चार्ल्स मॅलेट यांच्या आश्रयाने जेम्स वेल्स या चित्रकाराने आणि गंगाराम तांबट या आपल्या मराठी कलावंताने पुण्यात जी रेखाटने केली, त्यांपैकी वेल्स यांच्या रेखाटनांवरून पुढे इंग्लंडात थॉमस डॅनियल यांनी तो दरबार रंगवला. कॅमेरा नव्हता, म्हणून जे कुंचल्याने टिपले तेवढेच उरले.

अगदी अलीकडचे उदाहरण बुधवार पेठेतील भिडेवाड्याचे आहे. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा ज्या वास्तूत सुरू केली, ती वास्तू अनेक वर्षे न्यायालयीन वादात राहिली, जीर्ण झाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर ४ डिसेंबर २०२३ च्या रात्री, राष्ट्रीय स्मारक उभारण्याच्या हेतूने, महानगरपालिकेने पाडून टाकली. स्मारक होणे योग्यच. पण एकदा वास्तू भुईसपाट झाली की मागे उरतात ती फक्त आधी घेतलेली मोजमापे आणि आधी घेतलेली छायाचित्रे. नंतर घ्यायला काही उरत नाही.

आपल्या समाजाच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. हडपसरला आज स्थिरावलेल्या जैन कुटुंबांपैकी कित्येकांची जुनी घरे पुण्याच्या पेठांत, नगर-सोलापूर जिल्ह्यांतील बाजारगावांत, राजस्थान आणि गुजरातेतील मूळ गावी आजही उभी आहेत. खाली पेढी, वर राहणे, मागे कोठार आणि एका कोपऱ्यात गृहमंदिर अशी त्यांची रचना. भाऊबंद विखुरले, पुनर्विकासाचे करार झाले, आणि दरवर्षी यांतील काही घरे जमीनदोस्त होत आहेत. घर वाचवणे प्रत्येकाच्या हाती नसते. घराचे रीतसर छायाचित्रण करून ठेवणे मात्र पुष्कळांच्या हाती असते. ते करताना घराला, घरातल्या माणसाला, वस्तूला आणि त्या जुन्या भिंतींत आश्रयास आलेल्या जिवालाही इजा होऊ नये, यासाठी आपल्याकडे फार जुना आणि नेमका शब्द आहे : जयणा.

जैन वास्तूंच्या छायाचित्रणाचा आरंभ फार मागे जातो. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कामात पुढे होते. त्याच सुमारास कॅप्टन थॉमस बिग्ज यांस सरकारने विजापूर, बदामी, ऐहोळे या भागांतील प्राचीन इमारती टिपण्यासाठी नेमले. १८६९ मध्ये मुंबईच्या साइक्स आणि ड्वायर या छायाचित्रकार मंडळींनी शत्रुंजयावरील मंदिरांच्या ४५ छायाचित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यास प्रस्तावना लिहिली जेम्स बर्जेस यांनी, जे पुढे पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले.

हे काम किती जोखमीचे होते याची कल्पना आजच्या पिढीस येणे कठीण. तेव्हा ‘ओल्या काचेची’ पद्धत होती. काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण ओतायचे, ती रौप्यक्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी काळोख्या तंबूत धुऊन काढायचे. हा सारा खेळ काही मिनिटांचा. कलोडियनमध्ये ईथर असल्याने ते झटकन पेट घेई. चित्र पक्के करण्यासाठी पुष्कळदा सायनाइडसारखे जहाल विष वापरले जाई. तंबू, काचा, बाटल्या आणि पाणी हे सर्व साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढून वर न्यायचे. त्यातच शत्रुंजयावर रात्री मुक्काम न करण्याची आपली परंपरा. म्हणजे आदल्या दिवशी खाली बसून काय टिपायचे, कोणत्या क्रमाने टिपायचे, सूर्य केव्हा कोठे असेल हे ठरवल्याखेरीज वर जाऊन उपयोग नव्हता.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्याच घरातील जुन्या आल्बमशी निगडित आहे. त्या काळी छायाचित्राचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाने सारवलेला असे. पुढे १८८० च्या दशकात सुक्या काचा आणि नंतर फिल्म आली, त्यांवर जिलेटिनचा थर आला आणि जिलेटिन निघते ते जनावरांच्या हाडा-कातड्यांतून. सामान्य श्रावकास याची माहिती नव्हती, त्यामुळे दोष कोणाला द्यायचा नाही. पण मोबाइल आणि डिजिटल कॅमेरा यांनी हा प्रश्न बहुतांशी निकालात काढला, ही आपल्या दृष्टीने समाधानाचीच बाब म्हणावी लागेल.

आगीचा धोका मात्र काचांबरोबर गेला नाही. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमच्या भुकटीचा झगमगाट करण्याची युक्ती निघाली आणि अंधाऱ्या खोल्यांची छायाचित्रे शक्य झाली. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांचे हलाखीचे जिणे जगासमोर आणणारे जेकब रिस यांनी ही भुकटी वापरली. त्या खटाटोपात ज्यांची दुर्दशा ते दाखवू पाहत होते त्यांच्याच खोलीला एकदा आग लागली. हेतू कितीही चांगला असो, पेटलेली भिंत हेतू विचारत नाही. पुण्यातही ८ जानेवारी २००३ रोजी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या भांडारास आग लागून जुन्या नायट्रेट फिती भस्मसात झाल्या. अशा फिती आणि निगेटिव्ह विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात होत्या. ज्यांच्या माळ्यावर आजोबांच्या काळातील निगेटिव्हचे डबे असतील, त्यांनी ते उन्हाच्या पत्र्याखालून आणि देवघराच्या दिव्याजवळून आधी हलवावेत. चिकट झालेल्या वा उग्र वास येणाऱ्या निगेटिव्ह जाणकारास दाखवाव्यात, स्वतः जाळून पाहू नयेत.

विश्रामबागवाड्यासारख्या वास्तूत जेव्हा आज छायाचित्रण करायचे असते, तेव्हा पहिला प्रश्न परवानगीचा येतो. तो वाडा महानगरपालिकेच्या ताब्यात आहे. शनिवारवाडा आणि येरवड्याजवळील आगाखान पॅलेस केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. त्या खात्याचे १९५९ चे नियम वाचण्याजोगे आहेत. लेखी अनुमतीवाचून संरक्षित वास्तूत कॅमेऱ्याची तिवई, स्टूल, खुर्ची, टेबल नेऊ नये. परांची बांधू नये. कॅमेऱ्याबरोबर चमकणाऱ्या फ्लॅशखेरीज दुसरा कृत्रिम प्रकाश वापरू नये. भिंतीला पाणी, तेल, ग्रीस असले काही लावू नये. पुष्कळांना हे नियम जाचक वाटतात. पण प्रत्येक नियमामागे कोठेतरी फरशीला पडलेला ओरखडा आणि कोठेतरी शिल्पावर चोळलेले तेल आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ते आपल्या खासगी वाड्यालाही लागू करावेसे वाटतात.

खासगी घरात परवानगी अधिक नाजूक असते. सातबाऱ्यावर वा मालमत्तापत्रकावर नाव एकाचे, वाटा चौघांचा आणि आत राहणारा भाडेकरू पाचवा, अशी आपल्याकडील स्थिती. एका भावाने ‘या’ म्हटले म्हणून दुसऱ्याच्या खोलीत कॅमेरा नेणे बरे नव्हे. न दिलेले घेऊ नये हे व्रत वस्तूपुरतेच मर्यादित नाही. चेहरा, शयनगृह, देवघर यांनाही ते लागू पडते. संमती लेखी घ्यावी आणि तीत चित्रे कोठे छापली जातील हेही लिहावे. गृहमंदिरातील प्रतिमेचे छायाचित्र घ्यावे की नाही, हे घरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवावे. उपाश्रयात वा स्थानकात साधू-साध्वी विराजमान असतील तर दिवे लावण्याआधीच विचारावे, कारण त्यांच्यातील अनेकजण विजेचा उपयोग टाळतात.

यानंतर कॅमेरा न घेता एक फेरी मारावी. ही फेरी सर्वांत महत्त्वाची, आणि हीच बहुधा गाळली जाते. पुणेरी वाड्याचे जोते दगडाचे, सांगाडा लाकडाचा. वरच्या मजल्याची जमीन म्हणजे तुळईवर कड्या, कड्यांवर पाट आणि त्यावर मातीचा थर. वरून जमीन शाबूत दिसते, पण कडीचे टोक जेथे भिंतीत जाते तेथेच ओल मुरते आणि तेथेच वाळवी लागते. म्हणून माडीवर जाण्यापूर्वी खालच्या खोलीतून वर पाहावे : कडी झुकली आहे काय, पाटावर पाण्याचे डाग आहेत काय, कडीखाली लाकडाचा भुसा पडला आहे काय. जुना सुतार लाकूड ठोकून आवाजावरून जे सांगतो, त्यास मोल आहे. शंका असेल तर संरचना अभियंत्याचे मत घ्यावे आणि त्याने नको म्हटले तर त्या खोलीचे चित्र दारातूनच घ्यावे. चित्र अपुरे राहिले तर राहू द्यावे. माडीवर एका वेळी दोनच माणसे जावीत, खोलीच्या मध्यावर जमाव करू नये, कड्यांच्या ओळीवरून पाऊल टाकावे. चालताना चार हात भूमी पाहून चालावे, ही ईर्या समिती साधूंसाठी सांगितली असली तरी मोडकळीस आलेल्या माडीवर ती गृहस्थासही तारून नेते.

पायांत काय घालावे हाही प्रश्न निघतो. गृहमंदिरात चामड्याचे काही चालत नाही आणि पडक्या खोलीत अनवाणी चालणे म्हणजे खिळ्या-काचांना आमंत्रण. जाड तळव्याचे नवे कापडी जोडे दोन्ही अडचणी सोडवतात. कॅमेऱ्याच्या चामडी पिशव्या आणि पट्टे मात्र बाहेरच ठेवावेत.

जुन्या घरात माणसांनी सोडून दिलेल्या जागी दुसरी वस्ती होते. पारवे, वटवाघळे, गांधीलमाश्या, कधी सापही. छायाचित्र नीट यावे म्हणून घरटे काढणे वा पोळ्याला धूर देणे आपल्या धर्माला तर सोडाच, साध्या माणुसकीलाही धरून नाही. अंडी-पिल्ले असतील तर ती खोली दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवावी. पारव्यांच्या विष्ठेची कोरडी धूळ फुप्फुसास घातक असते. तेथे झाडू न मारता नाक-तोंड झाकणारा चांगला मास्क लावावा, आणि दम्याच्या रुग्णाने आत जाऊच नये. काम दिवसा करावे. रात्रीच्या प्रखर दिव्यांवर किडे झेपावतात आणि तापलेल्या काचेवर मरून पडतात. सूर्यास्तापूर्वी आटोपणाऱ्या आपल्या समाजास ही शिस्त नवी नाही. चातुर्मास तर टाळावाच. पावसाने भिजलेल्या मातीच्या भिंती सर्वांत जड आणि सर्वांत दुबळ्या असतात, आणि सूक्ष्म जिवांची उत्पत्तीही त्याच काळात अधिक. दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ उजेड, हवा आणि जयणा या तिन्ही दृष्टींनी उत्तम होय.

प्रकाशाबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण येथे वस्तूंचा प्रश्न येतो. जुन्या घरातील वायरिंगवर भरवसा ठेवून मोठे हॅलोजन लावणे म्हणजे १८७९ ची पुनरावृत्ती ओढवून घेणे. बॅटरीवरचे एलईडी दिवे पुरेसे असतात. त्याहून चांगला मार्ग म्हणजे तिवईवर कॅमेरा स्थिर ठेवून चौकातून येणाऱ्या उजेडात सावकाश चित्र घेणे. तिवईच्या पायांखाली नमद्याचे तुकडे ठेवावेत. कापड, हस्तलिखिते आणि पटचित्रे यांस प्रकाश सर्वाधिक बाधतो. संग्रहालयांत कापडावर साधारण ५० लक्स एवढाच मंद उजेड ठेवण्याची रीत आहे. दुपारच्या उघड्या उन्हात हाच आकडा एक लाखाच्या घरात जातो. म्हणून चंदरवा वा पुठिया अंगणात उन्हात पसरून चित्र घेण्याचा मोह आवरावा. अहमदाबादच्या साराभाई कुटुंबाच्या शाहीबागेतील वास्तूत जे कॅलिको वस्त्रसंग्रहालय आहे, तेथे अभ्यागतांस छायाचित्रे घेऊ देत नाहीत आणि दालनांत उजेडही मंद असतो. अनेकांस तेथून निघताना हळहळ वाटते, पण शतकांपूर्वीच्या नैसर्गिक रंगांची तकाकी तेथे आजही का टिकली, याचे उत्तर त्या मंद उजेडातच आहे.

एखाद्या फ्लॅशने लगेच रंग उडतो असे नव्हे. कापडाचा घात बहुधा हाताळणीत होतो. जरीची तार वर्षानुवर्षे एकाच घडीवर मोडत आलेली असते. दोन टोके धरून ते उचलले की घडीवरच फाटते. मखमलीवरील जरदोजी आपल्याच वजनाने ओघळते. अशी वस्तू उचलायची ती खाली सपाट फळी सरकवून, फळीवर धुऊन खळ काढलेले पांढरे सुती कापड घालून. रंगीत कापड मुळीच वापरू नये, दमट हवेत त्याचा रंग लागतो. हाताला तेल, अत्तर, केशर असता कामा नये. बोटांत अंगठी नको. वस्तू पाहून उचलावी आणि पाहून ठेवावी, ही आदान-निक्षेप समिती होय. हस्तलिखिताचे पान उलगडताना ते १८० अंशांत सपाट करण्याचा आग्रह धरू नये. जेवढे सहज उघडेल तेवढेच टिपावे.

चित्र देखणे असण्यापेक्षा उपयोगी असावे, हे या कामाचे मर्म. विवाहाच्या छायाचित्रात आणि वास्तूच्या दस्तऐवजात हा फरक आहे. प्रत्येक चित्रात मोजपट्टी असावी, निदान एका चित्रात रंगांचे कार्ड असावे. आधी बाहेरून चारही बाजू, मग दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, सोपा, माजघर, देवघर, माडी या क्रमाने जावे आणि प्रत्येक चित्राची नोंद वहीत करावी : कोणती खोली, कोणत्या दिशेने, कोणत्या तारखेस. जाहिरातीसाठी खोली ‘सजवणे’ येथे वर्ज्य. भिंतीवरचे जुने कॅलेंडर, पेढीवरची गादी, कोनाड्यातील काजळी, हीच पुढे इतिहासाची साधने ठरतात. घरातील आजीने ‘या खुंटीला तराजू अडकवीत’ असे सांगितले, तर ते वाक्य खुंटीच्या चित्राइतकेच मोलाचे. लागलीच लिहून घ्यावे. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागासाठी तर पहाटेची वेळ गाठावी लागते. लक्ष्मी रोडचा कापडबाजार उघडला की तेथे तिवईही मांडता येत नाही आणि गर्दीत शिडी लावणे दुसऱ्याच्या जिवाशी खेळणे आहे. ड्रोनचा विचार करणाऱ्यांनी २०२१ च्या नियमांनुसार हवाई क्षेत्राचा नकाशा आधी पाहावा. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे पुणे परिसरात आकाश मोकळे समजून चालत नाही.

काम संपल्यावर एक धोका उरतो, तो चोरीचा. मोबाइलने घेतलेल्या चित्रात जागेचा ठावठिकाणा आपोआप नोंदला जातो. पंचधातूच्या प्राचीन प्रतिमेचे छायाचित्र, तिजोरीची भिंत, मागल्या दाराची कडी आणि तेथील पत्ता हे सारे एकत्र व्हॉट्सॲपवर फिरले, तर घरमालकाने चोरास निमंत्रण दिल्यासारखेच झाले. म्हणून ठावठिकाण्याची नोंद बंद करून चित्रे घ्यावीत. प्रतिमांची आणि दागदागिन्यांची चित्रे वेगळी काढून फक्त कुटुंबाकडे आणि विश्वस्तांकडे द्यावीत. स्मरणिकेत वा समाजाच्या पत्रिकेत छापताना पेठेचे नाव पुरे, घरक्रमांक नको. प्रतिमा दुर्दैवाने चोरीस गेलीच, तर मोजमापासह घेतलेले तेच गुप्त छायाचित्र तिची ओळख पटवण्यास पोलिसांच्या कामी येते.

मूळ चित्रांच्या तीन प्रती ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक निराळ्या इमारतीत असावी. एक संच घरमालकास विनामूल्य द्यावा. निवडक चित्रे चांगल्या कागदावर छापून, मागे पेन्सिलीने तपशील लिहून, संस्थेच्या ग्रंथालयात ठेवावीत. शाईने लिहू नये, ती कागदातून पुढच्या बाजूस उतरते. हडपसरच्या जुन्या गावठाणात, दिवे घाटापलीकडे सासवडच्या पेठांत आणि पुण्याच्या पूर्व भागात आपल्या समाजबांधवांची जी घरे अद्याप उभी आहेत, त्यांची यादी सुवर्णमहोत्सवी वर्षात करता येण्याजोगी आहे. त्या यादीत ज्या घरांचा पुनर्विकासाचा करार झाला आहे ती आधी घ्यावीत.